चित्राखालचे दुसरे नाव

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, एक चित्र लावलेले आहे. निळीशार लाट उसळली आहे, तिच्या फेसाला जणू नखे फुटली आहेत. खाली तीन लांबट होड्या, होड्यांत वाकून बसलेली माणसे, आणि दूर लाटेच्या पोकळीत बर्फाची टोपी घातलेला एक डोंगर. डोंगर इतका लहान की लाट त्याला आता गिळणार असे वाटावे. येणारा-जाणारा थांबतो आणि विचारतो, "कोणी काढले?" या साध्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला आम्हाला दीड वर्ष लागले. ते का लागले, हेच या लेखात सांगायचे आहे.

आम्ही नांदेडला एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमचा विषय इतिहास-भूगोल. पण चित्रकलेचा शिक्षक नसल्यामुळे तो तासही आमच्याच वाट्याला आला. नववीतील एका मुलीला रद्दीत जुन्या कॅलेंडरचे एक पान सापडले. त्यावर ही लाट होती. मुलीचे वडील वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहेत, घरात रंगांना पैसे नाहीत. शाळेच्या कपाटात पोस्टर कलरच्या काही बाटल्या होत्या, त्या आम्ही तिला दिल्या. तिने कॅलेंडरच्या पानावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, मोठ्या कागदावर तितक्याच चौकटी पाडल्या आणि एकेक चौकट भरत गेली. जवळपास महिना लागला.

चित्र तयार झाले तेव्हा सगळी शाळा पाहायला आली. त्याच सुमारास लातूरला आंतरशालेय चित्रप्रदर्शन होते. आम्ही अर्ज भरला. अर्जात रकाने होते: चित्राचे नाव, विद्यार्थ्याचे नाव, शाळा, मार्गदर्शक शिक्षक, चित्राचा प्रकार. मार्गदर्शक म्हणून आम्ही स्वतःचे नाव घातले. प्रकारापुढे लिहिले: कल्पनाचित्र. हे चित्र होकुसाई नावाच्या जपानी चित्रकाराचे आहे, हे आम्हाला ठाऊक होते. कॅलेंडरच्या पानाखाली तसे बारीक अक्षरांत छापले होते. ते नाव आम्ही लिहिले नाही.

चित्राला दुसरे बक्षीस मिळाले. पाचशे रुपये आणि प्रमाणपत्र. परतताना एस.टी.त ती आपल्या अब्बांजवळ बसली होती. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती मागे वळून म्हणाली, "सर, ये कल्पनाचित्र कैसा? मैं तो देख के निकाली." आम्ही म्हणालो, "बेटा, मेहनत तो तेरीच है ना?" ती गप्प बसली. आमचे उत्तर खोटे नव्हते, पण तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

प्रश्न असा आहे. दुसऱ्याचे चित्र पाहून, आपल्या हाताने, आपल्या मेहनतीने काढलेले चित्र कोणाचे? ती चोरी आहे, की कमाई, की आणखी काही?

आपल्या समाजात चित्राचा विषय निघाला की दुसराच वाद सुरू होतो: सजीवाची तसवीर काढावी की काढू नये. तो वाद जुना आहे, उलेमांमध्ये त्यावर मतभेद आहेत आणि तो सोडवण्याची आमची पात्रता नाही. येथे प्रश्न निराळा आहे. तो चित्राचा नाही, नकलेचा आहे. आणि नक्कल ही गोष्ट आपण रोज करतो.

‘नक्कल’ हा शब्द आमच्या भागात बदनाम झालेला आहे. २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात परीक्षेतील कॉपीविरुद्ध मोठी मोहीम झाली, तिचा राज्यभर बोलबाला झाला. शेजारच्या लातूरचे नाव त्याआधीच ‘लातूर पॅटर्न’मुळे गाजले होते. तेथे पाठांतर आणि सराव यांचा इतका आग्रह की टीकाकार म्हणत, मुले शिकत नाहीत, उतरवून काढतात. म्हणजे एका जिल्ह्यात नक्कल हा गुन्हा आणि दुसऱ्यात सराव हीच तालीम. दोन्हींच्या मध्ये आम्ही शिक्षक उभे आहोत. वर्गात फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घ्या असे आम्हीच सांगतो, आणि परीक्षेत शेजाऱ्याचे उतरवले तर पेपर आम्हीच हिसकावतो. मूल विचारत नाही, पण त्याला कोडे पडतच असणार.

आमच्या उर्दूच्या परंपरेत तर नक्कल ही शिक्षणाची पहिली पायरी होती. खत्तातीचा उस्ताद एक ओळ लिहून देई. शागिर्द तीच ओळ तिच्याखाली पुन्हा पुन्हा लिही. यालाच मश्क म्हणत. तुर्की खत्तातीच्या परंपरेत उस्तादाकडून इजाजत मिळाल्याशिवाय शागिर्दाने लिखाणाखाली आपले नाव घालायचे नसे. म्हणजे वर्षानुवर्षे हात आपला, मेहनत आपली, पण नाव नाही. आजच्या मुलाला हा जुलूम वाटेल. पण त्यात एक अदब होती: हे सौंदर्य माझ्यापासून सुरू झालेले नाही, याची रोज आठवण.

आमचे मामू लातूरला गंजगोलाईत पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, सिनेमाचे बोर्ड रंगवीत. पोस्टरवर चौकटी पाडून चेहरा भिंतीएवढा करण्याची कला त्यांच्या हातात होती. मकबूल फिदा हुसेन हेही तरुणपणी मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवीत, हे ते अभिमानाने सांगत. पुढे फ्लेक्स आला आणि मामूंचे ब्रश डब्यात वाळले. ते म्हणत, "देख के निकाले तो गुना नै. नै देखा बोले तो गुना है." हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. अर्ज भरताना ते आठवले नाही. किंवा आठवले, पण आम्ही ते बाजूला सारले.

आता त्या लाटेकडे वळू. होकुसाई १७६० साली जन्मला आणि १८४९ साली वारला. हे चित्र त्याने सुमारे १८३१ साली, सत्तरी ओलांडल्यावर केले. फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेतील ते एक. मालिका इतकी खपली की छत्तीसवर आणखी दहा चित्रे घालावी लागली. पण ‘चित्र केले’ या शब्दांत घोटाळा आहे. होकुसाईने पातळ कागदावर रेखाटन केले. कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवला आणि रेषा सोडून बाकीचे लाकूड कोरून काढले. त्या कोरण्यात मूळ कागद संपला. मग रंगांसाठी वेगळ्या फळ्या कोरल्या गेल्या. छापणाऱ्याने ब्रशने फळीला रंग लावला, ओलसर कागद ठेवला आणि पाठीमागून घासून ठसा उठवला. अशा हजारो प्रती निघाल्या आणि स्वस्तात विकल्या गेल्या. जो गडद निळा रंग पाहून आपण थक्क होतो, तो प्रशियन ब्लू युरोपातील शोध होता. तो परदेशी व्यापारातून जपानला पोहोचला होता.

म्हणजे होकुसाईच्या हातचा कागद तर लाकडावरच संपला. लंडन, न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आज ज्या लाटा जपून ठेवल्या आहेत, त्या सगळ्या ठसे आहेत. त्या चित्राचे ‘असल’ कोठेच नाही. आणि आमच्या मुलीने जे काढले, ते मात्र जगात एकच आहे. ठशाची हाताने केलेली नक्कल म्हणजे अशी गंमत आहे: हजारांतील एक पाहून एकुलते एक चित्र तयार होते. मग ते नवे असल मानायचे का? अर्ज भरताना आमच्या मनात असेच काही तरी होते. असलच नाही, तर चोरी कोणाची?

पण हे समाधान टिकत नाही. कारण जगात हे आधी घडून गेले आहे आणि करणाऱ्यांनी ते उघडपणे केले आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने १८८७ साली पॅरिसमध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराचे दोन ठसे तैलरंगांत उतरवले. एकात फुललेल्या प्लमच्या झाडांची बाग आहे, दुसऱ्यात पुलावर अचानक आलेली सर. त्याने चित्राभोवती पट्टी रंगवली आणि तिच्यावर दुसऱ्या ठशांवरून जपानी अक्षरे उतरवली. ती त्याला वाचता येत नव्हती. पण हे जपानचे आहे, हे तो लपवत नव्हता. उलट चौकटीवर लिहून सांगत होता.

याच्याही आधीचे उदाहरण आपल्याच घरातले आहे. मोगल चित्रशाळेत अबुल हसन नावाचा मुलगा होता. त्याने जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या एका ठशातील सेंट जॉनची आकृती हाताने उतरवली. साल होते १६०० च्या आसपास, आणि वय तेरा. वय आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यानेच ते चित्रावर लिहून ठेवले. आमच्या नववीच्या मुलीपेक्षाही लहान. पुढे जहांगीरच्या दरबारात तो अव्वल दर्जाचा मुसव्विर झाला. कोणी असे म्हणत नाही की त्याने ड्यूररची चोरी केली. ज्याच्या समोर बसून शिकता आले नाही, अशा उस्तादापुढे त्याने मश्क केली, इतकेच.

जहांगीरच्याच दरबारात १६१६ साली इंग्रज वकील सर थॉमस रो याची फजिती झाली. त्याने एक इंग्रजी लघुचित्र दाखवले. बादशहाच्या चित्रकाराने त्याच्या अशा नकला केल्या की रात्री मेणबत्तीच्या उजेडात सहा चित्रांतून आपले चित्र ओळखताना रो अडखळला. बादशहा खूश झाला. येथेही नक्कल हा कसब दाखवण्याचा खेळ होता. सहापैकी पाच नकला आहेत, हे सर्वांना माहीत होते. गंमत त्या माहितीतच होती. ती माहिती काढून टाकली असती, तर तीच पाच चित्रे फसवणूक ठरली असती. चित्रांत एका रेषेचाही फरक झाला नसता.

येथे आम्हाला प्रश्नाचे टोक सापडते. नकलेचा गुण-दोष कागदावर नसतो. तो कागदाबरोबर जे बोलले जाते, किंवा बोलले जात नाही, त्यात असतो.

कोणी म्हणेल, कायद्याने तर मोकळीक आहे. खरे आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आज चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो. होकुसाईला वारून पावणेदोनशे वर्षे झाली. त्याची लाट कोणीही काढावी, कोणीही विकावी. चीनमध्ये शेन्झेनजवळ दाफेन नावाचे एक गावच प्रसिद्ध चित्रांच्या हाताने केलेल्या नकलांवर जगत आले आहे. घेणारा जाणून घेतो, विकणारा सांगून विकतो. त्यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. पोटासाठी केलेले हाताचे काम हलाल आहे. पण कायदा विचारतो, हक्क संपला का? अखलाक विचारतो, उपकार संपले का? हक्क साठ वर्षांनी संपतो. उपकाराला मुदत नसते.

ही गोष्ट आम्हाला जपानने शिकवली नाही. ती आमच्याच मराठवाड्यातल्या अजिंठ्याने शिकवली.

अजिंठा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, जसे आमचे नांदेड आणि लातूर होते. १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्यांना ही लेणी दिसली आणि त्यानंतर शंभर वर्षे नकलकारांची रांग लागली. मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल १८४४ साली आला आणि पुढली जवळपास वीस वर्षे भित्तिचित्रे उतरवत राहिला. त्याची चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवल्या. त्यांतील कित्येक लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. १९१७-१८ च्या सुमारास जपानी चित्रकार अराई काम्पो येथे आला. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून तो हिंदुस्थानात आला होता. जपानी पथकाच्या नकला टोकियोला गेल्या आणि १९२३ च्या भूकंपात त्यांचाही नाश झाला. तीन वेळा नकला गेल्या. भिंत मात्र, झिजत का होईना, जागेवर राहिली.

याची उलटी गोष्ट जपानात घडली. नारा येथील होर्यूजी मंदिरातील प्राचीन भित्तिचित्रांची तुलना जाणकार अजिंठ्याशी करतात. १९४० पासून तेथे चित्रकार नकला करत होते. अराई काम्पो त्यांत होता आणि ते काम करता करताच १९४५ साली वारला. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे त्या दालनाला आग लागली आणि भिंती करपल्या. तेथे असल गेले आणि नकला उरल्या. पुढे १९६७-६८ मध्ये त्या नकला आणि जुनी छायाचित्रे समोर ठेवून नवी चित्रे बसवली गेली. ज्या माणसाच्या अजिंठ्याच्या नकला मातीला मिळाल्या, त्याच्याच पिढीच्या हातांनी होर्यूजीचे रूप वाचवले. म्हणून आम्ही नकलेला अमानत म्हणतो. आपली नसलेली गोष्ट दुसऱ्यासाठी सांभाळणे म्हणजे अमानत. सांभाळणाऱ्याने ती आपली म्हणून सांगितली की तिचीच खयानत होते. मधे फक्त एका वाक्याचे अंतर असते.

पण अजिंठ्याची आमच्या काळजाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाई नकला करण्यासाठी आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार होते. आणि हैदराबादचे दोघे होते: सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन. १९१५ साली लंडनला त्या नकलांचे पुस्तक निघाले. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी पुढे १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ काढला. सय्यद अहमद यांनी आपले आयुष्यच त्या लेण्यांना दिले, तेथील देखरेखही केली. त्यांनी आणि मुहम्मद जलालुद्दीन यांनी केलेल्या नकला हैदराबादच्या वस्तुसंग्रहालयात ठेवल्या गेल्या.

विचार करा. कलमा पढणारे हे चित्रकार बुद्धाच्या गुंफेत, वटवाघळांच्या वासात, कंदिलाच्या उजेडात बसले. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनाम भिख्खूंची आणि कारागिरांची रेष आपल्या हातात उतरवत राहिले. त्यांना कोणी विचारले नाही की तुमचा या चित्रांशी काय संबंध. संबंध होता तो उस्ताद आणि शागिर्दाचा. मध्ये चौदा शतके होती, एवढेच. नंदलाल बोस यांचे नाव शाळेच्या पुस्तकात भेटते, आणि ते योग्यच आहे. सय्यद अहमद यांचे नाव मात्र आम्हाला शाळेत, कॉलेजात, बी.एड.ला, कोणी म्हणजे कोणीही सांगितले नाही. मराठवाड्यात इतिहास शिकवणारे आम्ही, आणि आम्हालाच ते ठाऊक नव्हते. कळले तेव्हा राग आला. आमचे नाव पुसले, असे वाटले.

आणि त्याच रागात असताना एके दिवशी व्हरांड्यातल्या चित्राकडे लक्ष गेले. त्याखाली मुलीचे नाव होते, शाळेचे होते, आमचे होते. जपानी म्हाताऱ्याचे नव्हते. सय्यद अहमद यांच्याबाबत जे दुसऱ्यांनी केले म्हणून आम्ही चिडलो होतो, तेच होकुसाईबाबत आम्ही केले होते. तेही भोळेपणाने नव्हे.

ते का केले, याची कबुलीही दिली पाहिजे. आमच्या मुलींना बक्षिसे क्वचित मिळतात. उर्दू शाळेचे नाव वर्तमानपत्रात आले तर ते पटसंख्या घटल्याच्या बातमीत येते. आम्हाला वाटले, एकदा तरी आमच्या पोरीचे नाव व्हावे. त्यात अर्धे नाव जपानला कशाला द्यायचे? कौमच्या भल्यासाठी केले, असे आम्ही स्वतःला सांगितले. कौमच्या नावाखाली अशा पुष्कळ लहान लबाड्या खपतात. पण ज्याला सतत सांगितले जाते की तुमचे येथे काही नाही, त्याने दुसऱ्याचे उचलून आपले म्हटले तर तो आरोपच खरा करतो. उलट त्याने म्हणावे, हे त्याचे, हे माझे, आणि हे आम्हा दोघांचे. असे म्हणायला जास्त हिंमत लागते, आणि अशा माणसाच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. आमच्या नावाचा हिशेब मागायचा असेल, तर दुसऱ्याच्या नावाचा हिशेब आधी चुकता असला पाहिजे.

एक आक्षेप उरतो. फोटो आणि छपाईच्या जमान्यात हाताने नक्कल करायचीच कशाला? यंत्र जास्त अचूक उतरवते. शिवाय नकलकार मूळ वस्तूला इजाही करतात. अजिंठ्यात रंग उजळ दिसावेत म्हणून भिंतींवर वॉर्निश लावले गेले. ते पुढे पिवळे पडले, आणि निजाम सरकारला १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलावावे लागले. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. नकलेची हाव झाली की ती असलालाच खाते.

पण अचूकपणा हा हाताच्या नकलेचा हेतूच नव्हे. ते चित्र कॅलेंडरवर आम्हीही पाहिले होते. होड्यांत माणसे आहेत, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. आम्हाला ते लाकडाचे कठडे वाटले. मुलीने दाखवले. आणखी एक गोष्ट तिने दाखवली: "सर, सामने की छोटी लाट देखो, बिलकुल डोंगर के जैसी है." पाहिले तर खरेच, पुढची लहान लाट फुजीच्याच आकाराची आहे, तिच्याही माथ्यावर पांढरे आहे. महिनाभर हात फिरवल्याशिवाय हे दिसत नाही. फोटो काढणाऱ्याला चित्र मिळते. उतरवून काढणाऱ्याला नजर मिळते. ही नजर मात्र पूर्णपणे तिची आहे. त्यावर होकुसाईचाही हक्क नाही. परीक्षेतील कॉपी आणि ही नक्कल यांत हाच फरक आहे. एकीत न पाहता उत्तर हाती येते, दुसरीत पाहणेच हाती येते.

असो. शेवटी काय केले ते सांगतो. आम्ही मुलीच्या घरी गेलो आणि तिच्या अब्बांना सारे सांगितले. चूक आमची आणि बक्षीस जाणार तिचे, याची लाज वाटत होती. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "लौटा दो सर. पैसे खर्च हो गए, आप अभी भर दो, मैं दे दूंगा." ते पाचशे आम्हीच भरले, ते आमचेच देणे होते. प्रमाणपत्र आणि पत्र लातूरला पाठवले. आयोजकांनी फोनवर सांगितले, "एवढे मनावर कशाला घेता? सगळेच पाहून काढतात." प्रमाणपत्र त्यांनी पुन्हा टपालाने पाठवून दिले. ते शाळेच्या फायलीत आहे.

मग मुलीला म्हटले, चित्राखाली नवी चिठ्ठी तू लिही. तिने उर्दूत आणि मराठीत लिहिली. ‘मूळ चित्र: होकुसाई, जपान, सुमारे १८३१.’ त्याखाली तिचे नाव, ‘पाहून हाताने काढले’. मग ती थांबली आणि म्हणाली, "सर, लकडी किसने कोरी?" आम्ही तासात छपाईची पद्धत सांगितली होती, तिच्या ती लक्षात होती. कोरणाऱ्याचे, छापणाऱ्याचे नाव आम्हाला देता आले नाही. तिने मध्ये एक ओळ वाढवली: ‘लाकूड कोरणारा आणि ठसा छापणारा: नावे माहीत नाहीत.’

पुढे एका पुस्तकात आम्ही वाचले की चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, वर, जी अक्षरे आहेत, त्यांत चित्राचे नाव आणि होकुसाईची सही आहे. आयुष्यात त्याने अनेकदा नाव बदलले. या सहीत तो लिहितो की पूर्वीचा होकुसाई, आता इइत्सू. आम्ही धावत व्हरांड्यात गेलो. मुलीने ती अक्षरेही उतरवली होती, एकेक फराटा मोजून, नक्षी समजून. आता दहावीत गेलेल्या तिला वर्गातून बोलावले आणि दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली.

"मतलब नाम पहले से था?" तिने विचारले.

"हो," आम्ही म्हणालो. "तू लिहिले होतेस. आम्हालाच वाचता आले नाही."